संशय रॅमवर, चोर निघाली हार्ड डिस्क

माझा डेस्कटॉप २०१४ चा. इंटेलचा आय-५ ४४६० प्रोसेसर, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड), ४ जीबीची एकच रॅम (चालू कामापुरती मेमरी) आणि १ टीबीची हार्ड डिस्क. दिवसभर त्यावर डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं मांडायचं काम. अलीकडे सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, तो पिऊन कप विसळायचा आणि मग येऊन बसायचं, अशी सवयच लागली होती. ज्याला विचारावं तो म्हणे, "रॅम वाढवा." मीही तेच डोक्यात घेऊन बसले.

या बोर्डाला रॅमचे दोनच स्लॉट आणि मर्यादा १६ जीबी, म्हणजे ८-८ च्या दोन डीडीआर-३ प्रकारच्या रॅमच्या पट्ट्या. ऑनलाइन एक जोडी फारच स्वस्त दिसली आणि मी हुरळले. लावल्यावर स्क्रीन काळी ती काळीच, नुसत्या लांब-लांब बीप. जुना उपाय म्हणून खोडरबराने पट्टीचे सोनेरी दात घासले, स्लॉट बदलून पाहिले, काही नाही. मग माहितीच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडलं: फक्त एएमडीच्या (इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या) बोर्डांसाठी. अशा पट्ट्यांमधल्या चिपांची रचना वेगळी असते, इंटेलचे हे जुने बोर्ड त्या घेत नाहीत. आकार तोच, खाच तीच, बसतेही अगदी व्यवस्थित. म्हणून तर माणूस फसतो. विक्रेत्याने परत घेतल्या, पण सतरा फोटो मागून.

दुसरी जोडी वापरलेली घेतली, १६०० मेगाहर्ट्‌झची. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, चालू ठेवला. सकाळी एकही चूक नव्हती. या पट्ट्यांबद्दल तक्रार नाही. चाळीस पानांची फाइल, फोटोंचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एकदम उघडे ठेवले तरी आता कोणी गुदमरत नाही.

पण सुरू व्हायला? तीच चार मिनिटं! चहा, कप, सगळं तसंच.

तेव्हा कुठे टास्क मॅनेजर (कशावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) नीट पाहिला. मेमरी निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली. खरं तर हे आधी बघायला हवं होतं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारं टोक तिच्यावर इकडून तिकडे धावतं. एक मोठी फाइल सलग वाचायची तर ती ठीक चालते; पण संगणक सुरू होताना हजारो बारीक फाइली लागतात आणि सगळा वेळ त्या धावपळीतच जातो.

मग ४८० जीबीची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, आणली. एच-८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यांतले दोनच ६ जीबीपीएसचे. माझ्या बोर्डावर त्यांचा रंग वेगळा होता म्हणून बरं. कॅबिनेटमध्ये एवढ्याशा एसएसडीसाठी जागाच नव्हती, दुतर्फी चिकटपट्टीने आत डकवून टाकली. तिच्यात हलणारं काही नसतं, त्यामुळे चालतं. सुरू व्हायचा वेळ आता २८ सेकंद, मोबाइलवर मोजलेला. चहा गॅसवरच असतो.

कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरची थर्मल पेस्टही (त्याची उष्णता पंख्याच्या भागाकडे नेणारा लेप) बदलली. जुनी वाळून खडूसारखी झाली होती. इंटेलच्या मूळ पंख्याच्या चार खिळ्यांनी मात्र रडवलं. तीन बसतात, चौथी दाबली की पहिली टप्‌कन वर. समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या असतात, हे तिसऱ्या खेपेला कळलं.

रॅमला चार तारे, एसएसडीला पाच. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी घ्या. अगदी ४ जीबीच रॅम असेल तर तीही लागेलच, कारण रॅम भरली की संगणक डिस्कवरच जागा मागतो.

एक अडचण उरलीच. विंडोज १० चा मोफत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत माझ्यासारखे चौथ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर नाहीत. म्हणून जुनी हार्ड डिस्क पुसून तिच्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) टाकलंय, मराठी टायपिंगची सवय होईपर्यंत सरावापुरतं. ते सुरू करायचं असलं की मात्र अजूनही आधी चहा टाकते.