पहिली मधपेटी: मजल्यांची की आडवी?

मधमाश्या पाळायचं ठरलं की पहिला प्रश्न पेटीचा. मुख्य पर्याय दोन: लँगस्ट्रॉथ, म्हणजे चौकटींची, मजल्यावर मजला चढवत नेता येणारी पेटी, आणि टॉप-बार, म्हणजे वरून नुसत्या लाकडी पट्ट्या ओळीने मांडलेली आडवी पेटी. बहुतेक नवखे मध किती मिळेल यावरून निवडतात. पहिल्या वर्षी तो मुद्दाच नाही, कारण तेव्हा शिकायचं असतं ते पेटी उघडून आत काय चाललंय हे ओळखायला. त्यामुळे कुठली पेटी आपण न घाबरता पुन्हा पुन्हा उघडू, एवढंच बघावं.

लँगस्ट्रॉथ या अमेरिकी मधपाळाने १८५२ मध्ये पेटंट घेतलेल्या पेटीचं सगळं मर्म एका फटीत आहे. साधारण ६ ते ९ मिलिमीटर जागा सोडली तर माश्या ती ये-जा करायला मोकळी ठेवतात. कमी असली तर झाडांच्या डिंकापासून केलेल्या प्रोपोलिसने बुजवतात, जास्त असली तर तिथे पोळं बांधतात. ही फट राखल्यामुळे चौकट सुटी निघते, आणि चारही बाजूंनी लाकूड असल्याने पोळं तिरकं धरलं तरी सहसा तुटत नाही. हे महत्त्वाचं, कारण अंडी दिसायला चौकट उजेडाकडे कलती करावीच लागते. राणी सापडली नाही तरी चालतं. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणून अंडं दिसलं की राणी एवढ्यातच इथे होती हे समजतं.

टॉप-बारमध्ये पोळं फक्त वरून लटकतं. नवं किंवा उन्हाने मऊ झालेलं पोळं आडवं केलं की माश्यांसकट गळून पडतं. शिवाय माश्या कधीकधी दोन पट्ट्यांना जोडून वाकडं बांधतात. सुरुवातीला लक्ष ठेवून ते सरळ केलं नाही तर पुढे एकही पट्टी सुटी निघत नाही. मात्र तपासताना बाकीची पेटी झाकलेलीच राहते, त्यामुळे माश्या कमी बिथरतात. वजनाचं तर विचारूच नका: लँगस्ट्रॉथचा मोठा मजला मधाने भरला की ३५ किलोंच्या पुढे जातो, इथे एका वेळी एकच पोळं उचलायचं. पाठ दुखरी असेल त्याचा निर्णय इथेच झाला.

मध काढायला चौकटींना फिरवायचं यंत्र लागतं, पण रिकामी पोळी माश्यांना परत देता येतात. टॉप-बारचं पोळं चुरून गाळायचं; मेण भरपूर मिळतं, माश्यांना मात्र पोळं पहिल्यापासून बांधावं लागतं. खर्चात टॉप-बार स्वस्त, सुतारकाम येत असेल तर घरीच होते.

पाठीची तक्रार नसेल तर मी लँगस्ट्रॉथच सुचवेन. अपवाद एकच: तुम्हाला हाताला धरून शिकवणारा मधपाळ टॉप-बार वापरत असेल, तर तीच घ्या.

आणि जमल्यास दोन वसाहती ठेवा, पण पेट्या एकाच मापाच्या. एकीतली राणी मेली आणि तिथे अंडी उरली नसली, तर दुसरीतली अंडी असलेली चौकट त्या पेटीत ठेवता येते. कामकरी माश्या त्यातूनच नवी राणी वाढवतात; अंड्यापासून सुमारे १६ दिवसांत ती बाहेर येते.