पायथन ३.१३: ३.९ वर थांबलेल्यांसाठी परीक्षण

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.९ या आवृत्तीची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, त्यामुळे यापुढे तिच्यात सुरक्षेची एखादी त्रुटी सापडली तरी मूळ प्रकल्पाकडून तिची दुरुस्ती येणार नाही. तरीही ती वापरणारे पुष्कळ आहेत आणि ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हे त्यांचे उत्तर ठरलेले असते. अशांना मी ३.१३ सुचवेन. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीला ऑक्टोबर २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील, शिवाय ३.१४ आली असली, तरी नेहमीच्या बहुतेक लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) ३.१३ वर एव्हाना चांगल्या रुळल्या आहेत.

वेगाचा गवगवा बराच झाला. प्रमाणित चाचणीसंचावर ३.११ ही ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट वेगवान ठरली होती आणि तो लाभ इथेही मिळतोच. मात्र ज्या प्रोग्रामचा बहुतेक वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, त्यात फारसा फरक जाणवणार नाही. माझ्या मते खरी कमाई त्रुटी-संदेशांची आहे. भाव["पुणे"]["कांदा"]["किमान"] अशी ओळ असेल आणि कांद्याच्या जागी ‘नन’ (None, म्हणजे रिकामे मूल्य) निघाले, तर ३.९ फक्त ओळ दाखवून गप्प बसते, आणि तिन्हींपैकी नेमके काय रिकामे होते हे आपण एकेक छापून शोधत राहतो. ३.१३ मध्ये त्याच ओळीखाली, जिथे गाडी अडली त्या ["किमान"] च्या बरोबर खाली, खुणा उमटतात, त्याही रंगीत.

त्रास होतो तो काढून टाकलेल्या मॉड्यूलांचा, म्हणजे पायथनसोबतच येणाऱ्या तयार भागांचा. ३.१२ मध्ये पॅकेजे बांधण्याचे ‘डिस्टयूटिल्स’ गेले आणि नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथन-जागेत) त्याच कामाचे ‘सेटअपटूल्स’ आपोआप येणे बंद झाले, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या सेटअप फाइलवर उभी असलेली पॅकेजे इन्स्टॉल होतानाच कोसळू शकतात, तर ३.१३ मध्ये ‘सीजीआय’, ‘क्रिप्ट’, ‘टेलनेटलिब’ यांसह १९ जुनी मॉड्यूले एकदम काढली गेली. कोणती जाणार याची सूचना आधीच्या आवृत्त्या डेप्रिकेशन वॉर्निंगच्या (‘हे पुढे काढले जाणार’ अशा इशाऱ्याच्या) रूपाने देत होत्या, पण त्या वॉर्निंग वाचतो कोण? नवा जेआयटी कंपायलर (प्रोग्राम चालू असतानाच त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा) आणि जीआयएलशिवाय, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड चालू देणाऱ्या कुलुपाशिवाय, चालणारी बिल्ड या दोन्ही गोष्टी ३.१३ मध्ये प्रायोगिक आहेत. केवळ त्यांच्यासाठी आवृत्ती बदलण्याचे कारण नाही.

लिनक्सवर ऑपरेटिंग सिस्टिमचे स्वतःचे पायथन बदलू नये, कारण सिस्टिमची काही साधने त्यावरच चालतात. ३.१३ शेजारी वेगळे बसवावे आणि त्यातून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने तयार करावे. जुन्याची फोल्डर कॉपी करून भागत नाही. पॅकेजांची यादी घेऊन सगळे पुन्हा इन्स्टॉल करावे लागते, आणि कोणते पॅकेज वर्षानुवर्षे कुणी सांभाळलेलेच नाही हे तिथेच उघड होते.