लकी बांबू पाण्यात ठेवायचा की मातीत?

लकी बांबू घरी आणलाय आणि आता काचेच्या बरणीत ठेवू की कुंडीत लावू असं चाललंय ना, मग हे वाचा, मी ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन्ही करून बघितलंय. आधी एक सांगते, हा बांबू नाहीच, ड्रॅसिना नावाचं शोभेचं झाड आहे, मूळचं आफ्रिकेतलं. त्यामुळे बांबूसारखं ऊन देऊ नका, खिडकीपासून थोडा आत, उजेड येईल पण दुपारचं ऊन पडणार नाही असा ठेवा.

पाण्यातला दिसायला सुंदर, मुळं दिसतात, माती सांडत नाही. पण काम पाण्यातल्याचंच जास्त आहे हे दुकानदार सांगत नाहीत. दर आठवड्याला पाणी बदलायचं म्हणजे बदलायचंच, कारण डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवीन डास तयार. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात एशियन टायगर डास (हाही डेंग्यू पसरवणाराच) पोचला तोच मुळी पाण्यात ठेवून पाठवलेल्या लकी बांबूतून! पावसाळ्यात पालिकेची माणसं घरी येऊन कुंडीखालच्या ताटल्या, फुलदाण्या बघतात ते उगाच नाही. नुसतं पाणी ओतून देऊ नका, बरणी आतून घासा, खडेपण धुवा, अंडी काचेला चिकटून राहतात.

दुसरी कटकट नळाच्या पाण्याची. पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली तर क्लोरीन किंवा फ्लोराइड असू शकतं. क्लोरीन रात्रभर पाणी उघडं ठेवलं की बरंचसं उडतं, फ्लोराइड उडत नाही. मी जुलैमध्ये पावसाचं पाणी बाटल्यांत भरून झाकण घट्ट लावून ठेवते, पानं खरंच टवटवीत राहतात.

मातीतला जास्त जोमाने वाढतो आणि गावाला चार-पाच दिवस गेलात तरी टिकतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेली भुसभुशीत माती, कुंडीला खाली भोक, वरची माती सुकली की पाणी, बस. फक्त पावसाळ्यात हात आखडता घ्या, ओल राहून मुळं कुजतात, आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.

मी तर मातीच म्हणेन, पाण्यातला दर रविवारी आठवणीने धुणारं कोणी घरात असेल तरच घ्या. पाण्यातून मातीत हलवताना पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवा, मुळांना सवय होऊ दे. आणि कुठली कांडी खालून पिवळी पडली तर ती परत हिरवी होत नाही, लगेच वेगळी काढा, वरचा हिरवा भाग कापून पाण्यात ठेवलात तर त्याला नवी मुळं फुटतात. घरात मांजर असेल तर उंचावर ठेवा, पानं तिच्या पोटाला बाधतात.