यूव्ही युनिट: डायलिसिसच्या पाण्यासाठी घेताना काय बघाल

आरओच्या टाकीनंतर बसवायला लो-प्रेशर दिव्याचं यूव्ही (अतिनील किरणांचं) युनिट उत्तमच. २५४ नॅनोमीटरचे किरण जंतूंच्या डीएनएवर घाव घालतात, त्यांची वाढ खुंटते आणि पाण्यात रसायन मिसळावं लागत नाही. पण तीव्रता मोजणारा सेन्सर नसेल तर ते युनिट घेऊच नका. 'दिवा चालू' एवढंच सांगणारा हिरवा इंडिकेटर फसवा असतो: दिवा निळसर उजळत राहतो, मारक किरण मात्र घटलेले असतात. साधारण ९००० तासांनी, म्हणजे वर्षभरात, दिवा बदलायचाच.

दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या (पारदर्शक काचेसारख्या) नळीकडे फार दुर्लक्ष होतं. तिच्यावर थर बसला की किरण पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. वीज बंद करून, दाब सोडून नळी काढा, सौम्य सायट्रिक आम्लाने पुसा, ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) तपासा. नवा दिवा हातमोजे घालूनच धरा.

सर्वांत महत्त्वाचं: मेलेल्या जंतूंमधून सुटणारं एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या आवरणातलं विषारी द्रव्य, यूव्हीने जात नाही. त्यामुळे पुढे अल्ट्राफिल्टर (अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी) हवाच. शिवाय क्लोरीनसारखा या प्रकाशाचा असर पाइपात टिकत नाही. पाणी लूपमध्ये (मशीनपर्यंत जाऊन परत येणाऱ्या पाइपांच्या फेऱ्यात) सतत फिरतं ठेवा आणि लूप ठरलेल्या वेळी निर्जंतुक करा.