खुडूक कोंबडी की मशीन?

खुराड्यात दहा गावठी कोंबड्या, त्यातली एक खुडूक, म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवायला बसलेली, आणि मोबाईलवर पन्नास अंड्यांच्या उबवणी मशीनची जाहिरात. अशा वेळी बहुतेक जण आधी मशीनची किंमत आणि विजेचं बिल धरून हिशेब मांडतात. माझं म्हणणं, तो नंतर मांडा. आधी हे ठरवा, की बाविसाव्या दिवसापासून पिल्लांकडे कोण बघणार?

अंडी दोन्हीकडे २१ दिवसांतच फुटतात. कोंबडीखाली १० ते १२ अंडी नीट झाकली जातात. लोभापायी पंधरा घातलीत तर कडेची गार पडतात. ऊब, ओलावा, अंडी फिरवणं हे सगळं ती स्वतः करते. दिवसातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं चरायला उठते, तेव्हा घाबरून तिला परत बसवू नका. आपलं काम एवढंच: अंधारा कोपरा, पसरट टोपलीत वाळलेलं गवत, जवळच दाणा-पाणी. अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत येऊन घालतात. माझ्या अनुभवात बसवण बिघडते ती बहुतेक वेळा उवा-पिसवांमुळे. अंग खाजायला लागलं की चांगली बसणारीही अंडी सोडून उठते. म्हणून बसवण्याआधी तिला राखेत लोळू द्या, टोपलीतही गवताखाली चाळलेली राख घाला. बसवायची ती रात्री.

मशीनमध्ये हे सगळं आपल्यावर येतं. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ अंश, पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के ओलावा, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, आणि झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा. वीज तासभर गेली तर गोधडी टाकून निभावतं. रोज चार-चार तास जाणार असेल तर इन्व्हर्टरशिवाय मशीन घेऊच नका. गारठ्यापेक्षा जास्तीची उष्णता घातक. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४२-४३ अंश होतात आणि मशीनला तापवता येतं, थंड करता येत नाही.

अंडी मात्र दोघांनाही सारखीच चांगली लागतात: सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, फ्रिजमध्ये न ठेवलेली, आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा असलेल्या कळपातली. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं नाही तर अंडं काढून टाका.

खरा फरक पुढे पडतो. कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते, दाणा टिपायला शिकवते, घार दिसली की ओरडते. त्याची किंमत म्हणजे सहा ते आठ आठवडे ती अंडी देत नाही. बसण्याचे दिवस धरले तर जवळजवळ अडीच महिने, आणि गावठी कोंबडी वर्षाला देतेच मुळी ६०-८० अंडी. मशीनच्या पिल्लांना ही आई नसते. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी, आणि रात्री उठून बघणं. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडून बसली तर गरम होतंय. घरात असं उठणारं कुणी नसेल तर चाळीस पिल्लं काढून उपयोग काय?

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस दोन्हीकडे हवी. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा थेंब द्यायचा. कोंबडीमागे फिरणाऱ्या पिल्लांच्या बाबतीत हे हटकून राहून जातं.

घरापुरती वर्षाला वीस-तीस पिल्लं हवी असतील तर मशीन नको. दर महिन्याला पन्नास विकायची असतील तर कोंबडीच्या भरवशावर चालणार नाही. गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातींच्या कोंबड्या पाळत असाल तर त्या सहसा खुडूक बसत नाहीत, मग मशीन तरी घ्या नाहीतर एखादी गावठी तरी ठेवा.

मला सगळ्यात पटलेली रीत तिसरी आहे. एकाच दिवशी कोंबडीखाली दहा अंडी आणि मशीनमध्ये वीस लावायची. तिची पिल्लं निघाली की त्याच रात्री मशीनमधली आठ-दहा वाळलेली पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सरकवायची. सकाळी ती सगळ्यांना आपलीच मानते. दोन-तीन दिवस उशीर केलात तर मात्र टोचून हाकलते.