अधूनमधून अडणारा चाप : एका शस्त्रदुरुस्ती सेवेचा अनुभव

जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप कायमचा बिघडला असेल तर कोणताही बरा कारागीर तो दुरुस्त करून देतो. खरी परीक्षा लागते ती बिघाड अधूनमधून होत असेल तेव्हा. पुण्यातील एका परवानाधारक शस्त्रदुकानाच्या दुरुस्ती विभागाने अशा कामात दाखवलेली पद्धत मला नोंदवण्याजोगी वाटते.

शस्त्र वारसाहक्काने आलेले, १९५०च्या दशकातील .३२ बोअरचे स्मिथ अँड वेसन ‘हँड इजेक्टर’. त्याचा चाप एरवी सुरळीत ओढला जाई, पण मध्येच इतका जड होई की सिलिंडर फिरेनासा होई, आणि कोणाला दाखवायला नेले की हमखास नीट चाले. आधी ज्या कारागिराला विचारले होते, त्याने न उघडताच स्प्रिंगचे वेढे कापून चाप हलका करून देण्याची तयारी दाखवली होती. खासगी परवानाधारकांसाठीची आयात १९८०च्या दशकात जवळपास बंद झाल्यामुळे या शस्त्रांचे सुटे भाग सहजासहजी मिळत नाहीत, आणि एकदा कापलेला किंवा कानशीने घासलेला भाग पूर्ववत होत नाही, हे लक्षात घेता असा सल्ला अंगाशी येण्याचीच शक्यता अधिक.

या दुकानात प्रथम परवाना तपासला गेला. मग सिलिंडर उघडून काडतुसांची सहाही घरे रिकामी असल्याची खात्री कारागिराने स्वतः केली आणि मलाही करायला लावली. पुढची सगळी तपासणी त्याने नकली काडतुसांवर केली. एका घरावर खडूची खूण करून तो चाप सावकाश ओढत राहिला. अडथळा दर फेरीला त्याच घरापाशी येत असेल तर वाकलेला इजेक्टर रॉड (रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारा दांडा), स्टारखाली (त्या दांड्याला जोडलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या चकतीखाली) अडकलेला बारूदीचा कण किंवा झिजलेला दाता यांचा संशय घ्यायचा. कुठेही येत असेल तर आतील घट्ट झालेल्या तेलाकडे किंवा रिबाउंड स्लाइडकडे (चाप ओढल्यावर त्याला परत जागी आणणाऱ्या सरकत्या भागाकडे) पाहायचे, असे तो काम करता करता सांगत होता. आमच्या बाबतीत अडथळ्याची जागा ठरलेली नव्हती. मात्र चाप जड झाला की सिलिंडर उघडण्याची कळही जोर लावल्याशिवाय सरकत नसे. या खुणेवरून त्याने इजेक्टर रॉडला बोट लावले, आणि तो खरोखरच सैल निघाला.

या घडणीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत रॉडचे आटे उजवे असत आणि सिलिंडर डावीकडे फिरत असल्याने रॉड सुटत जाण्याकडे कल असे. कंपनीने १९६०च्या सुमारास आटे डावे केले. सुटलेला रॉड लांबतो, नळीखालच्या कुलुपाच्या टोकावर दाबला जातो आणि सिलिंडरला जखडतो. दाखवायला नेण्यापूर्वी शस्त्र साफ करताना तोच रॉड बोटांनी किंचित आवळला जाई, म्हणून दुकानात पोहोचेपर्यंत दोष नाहीसा होत असे!

रॉड आवळण्यापूर्वी त्याने घरांत वापरलेली रिकामी काडतुसे बसवली, कारण तसे न करता पिळले तर सगळा ताण स्टारच्या बारीक खिळ्यांवर येऊन ते तुटू शकतात. बाजूची पट्टी काढतानाही पेचकसाने न उचकटता, स्क्रू सोडवून मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने हलके ठोके दिले. पट्टी आपोआप वर आली. आतले राळेसारखे झालेले तेल धुऊन प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी परत बसवला. कानशीला हात लागला नाही, आणि मोबदलाही केवळ सफाई-जुळणीचाच घेतला गेला. आता दुहेरी क्रियेत (चाप ओढूनच घोडा उचलला जातो तेव्हा) सहाही घरांवर चाप सारखाच चालतो.

त्रुटीही आहेत. कामाचा अंदाज लेखी मिळत नाही, प्रत्यक्ष गोळी झाडून चाचणी घेण्याची सोय त्यांच्याकडे नाही, आणि पावतीवर ‘सर्व्हिसिंग’ एवढाच मोघम शब्द असतो. शस्त्र दुरुस्तीसाठी ठेवून यायचे असेल तर त्या पावतीवर शस्त्राचा क्रमांक, बोअर आणि ठेवल्याची तारीख आग्रहाने लिहून घ्यावी. मागितल्यावर ते कुरकुर न करता लिहून देतात.