हर्निया: दुर्बीण, उघडी जाळी की बिनजाळीचं, आणि नंतर दुखतं कशात कमी

आमच्या घरात एकाच महिन्यात दोन हर्निया निघाले, म्हणजे पोटाच्या कमजोर भिंतीतून आतलं बाहेर येऊन गोळा दिसतो तो. एक नाना, माझे काका, वय ६८, शिंदखेडा तालुक्यात कपाशी, बिडी सुटत नाही आणि खोकला पण सुटत नाही. दुसरा आतेभाऊ, वय ३३, जळगावला हमाली करतो, दिवसभर ५० किलोची गोणी पाठीवर. दोघांना जांघेतच, नानांना उजवीकडे आणि ह्याला दोन्हीकडे. आणि माझं मेडिकल असल्यामुळे सगळे फोन मला. नानांचा फोन तर सरळ, "तुन्हं मेडिकल शे ना, तुले माहीत व्हई." गोळ्या विकणाऱ्याला ऑपरेशनचं काय डोंबल कळतं, पण वाचायला बसलो, आणि वाचल्यावर लक्षात आलं की आपण सगळे चुकीचा प्रश्न विचारतोय. आपण विचारतो परत निघेल का, आणि ज्यांचं झालंय ते सांगतात की निघालं नाही पण दुखतंय अजून.

ऑपरेशननंतर ३ महिन्यांच्या पुढे दुखत राहिलं तर डॉक्टर त्याला जुनाट दुखणं म्हणतात. २०१८ ला जगभरच्या हर्निया सर्जननी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हा आकडा १० ते १२ टक्के धरलाय, म्हणजे दहात एक, आणि रोजच्या कामात अडथळा येईल इतकं दुखणं अर्ध्यापासून ६ टक्क्यांपर्यंत. कारण असं की जांघेतून तीन बारीक नसा जातात, त्यातली एखादी टाक्यात, कमजोर भिंतीला आधार म्हणून लावलेल्या जाळीत किंवा जाळीला मारलेल्या पिनेत अडकली की झालं. वय कमी असेल किंवा ऑपरेशनच्या आधीच जास्त दुखत असेल तर पुढेही दुखायची शक्यता जास्त. आतेभाऊ दोन्हीत बसतो.

आता उघडं ऑपरेशन, लिक्टेनस्टाइन पद्धत. जांघेत चीर देतात आणि आतल्या कमजोर भिंतीवर जाळी टाके घालून बसवतात, ओढून शिवत नाहीत म्हणून ताण येत नाही. ह्याची मोठी गोष्ट म्हणजे नुसती जागा बधिर करूनही होतं. आपल्याकडे सर्रास कमरेत सुई देतात, पण वयस्कर माणसाला त्या सुईने नंतर लघवी अडकायचा त्रास होऊ शकतो, आणि नानांसारख्या छातीत घरघर असलेल्या माणसाला पूर्ण भूल नकोच वाटते, तर जागा बधिर करून होतं का हे विचारायला पाहिजे, सर्जनला सवय असेल तर होतं.

दुर्बिणीचं म्हणजे टेप किंवा टॅप. टेपमध्ये पोटाच्या पोकळीत शिरतच नाहीत, बाहेरच्या थरातूनच जातात, टॅपमध्ये पोटातून जातात. दोन्हीत जाळी स्नायूंच्या मागे बसते, छिद्रं तीन, पण बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं कमी आणि माणूस लवकर उठतो, ह्यात फारसा वाद नाही. दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर त्याच तीन छिद्रांतून दोन्ही होतात, आणि पहिलं उघडं करून परत निघाला असेल तर मागून जाणं सोयीचं.

मग सगळ्यांनी दुर्बीणच का करू नये? इथे दोन अभ्यास वाचण्यासारखे आहेत. पहिला अमेरिकेतला, माजी सैनिकांच्या १४ हॉस्पिटलांत, दोन हजारांवर पुरुष, २००४ ला छापलेला. दोन वर्षांनी परत निघाल्याचं प्रमाण दुर्बिणीत १०.१ टक्के आणि उघड्यात ४.९, म्हणजे दुप्पट. पण खोलात गेल्यावर दिसलं की २५० पेक्षा जास्त दुर्बिणीची ऑपरेशनं केलेल्या सर्जनचे पेशंट बरेच बरे निघाले. दुसरा स्वीडनचा, टेप विरुद्ध लिक्टेनस्टाइन, ५ वर्षं पाठपुरावा. जुनाट दुखणं टेपमध्ये ९.४ टक्के, उघड्यात १८.८, म्हणजे इथे दुर्बीण अर्ध्यावर, पण दोन्हीकडे बहुतेकांचं दुखणं हलकंच होतं. परत निघाला टेपमध्ये ३.५ टक्के, उघड्यात १.२. आणि गंमत बघा, टेपमधल्या २१ पैकी ७ एकाच सर्जनचे होते! त्याला वगळलं की आकडा २.४ वर येतो आणि उघड्यापासूनचा फरक धरण्यासारखा राहत नाही. हे वाचल्यापासून मी पद्धतीचं नाव विचारायचं सोडून हात कोणाचा ते विचारायला लागलो. दुर्बीण शिकायला त्या सूचनांनुसार ५० ते १०० ऑपरेशनं लागतात. एका हॉस्पिटलात मी विचारलं डॉक्टरसाहेबांनी ह्यातली किती केलीत, तर काउंटरवरची बाई माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी त्यांची इस्टेट विचारतोय.

बिनजाळीचं पण आहे. जुनी शोल्डिस पद्धत, कॅनडातली, चार थरांत शिवायची, तिथल्या रोज तेच करणाऱ्यांच्या हातात उत्तम. आणि देसर्डा, पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डांची, त्यात पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पापुद्र्याचीच पट्टी भिंतीला लावतात, परकी वस्तू आत नाही. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर लिक्टेनस्टाइनशी तुलना झाली, ३ वर्षांत दोन्हीकडे परत निघालेले दोन-दोनच. छान वाटतं, पण जुनाट दुखणं देसर्डात कमी निघालं असं नाही, म्हणजे "जाळी नाही म्हणजे दुखणार नाही" हे व्हॉट्सॲपवर फिरतं त्यात दम नाही.

जाळीचा विषय निघालाच आहे तर आपल्या खान्देशचं नाव यायलाच हवं. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर, त्यांनी महागडी जाळी परवडत नाही म्हणून मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं, २००३ ला त्याचा अभ्यास छापला. लोक हसले असतील. नंतर युगांडात ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीची स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी अशी रीतसर चाचणी झाली, २०१६ ला छापली गेली, वर्षभरात स्वस्त जाळीत एक परत निघाला आणि कंपनीच्या जाळीत शून्य, इतकाच फरक. म्हणून "इम्पोर्टेड जाळी घ्या, परत निघणार नाही" असं कोणी सांगत असेल तर खिशात हात घालायच्या आधी दोनदा विचार करा. अर्थात घरची मच्छरदाणी कापून घेऊन जाऊ नका.

अजून एक पर्याय कोणी सांगत नाही, थांबायचं. लक्षणं फार नसतील तर चालतं. अमेरिकेत ७२० पुरुषांवर हे करून बघितलं, आतडं अडकायची घटना हजार माणूस-वर्षांत, म्हणजे हजार माणसं वर्षभर थांबली तर, दोनच्याही आत. पण थांबलेल्यांतले २३ टक्के दोन वर्षांत ऑपरेशनला आलेच, आणि पुढे १० वर्षांत दोनतृतीयांश, बहुतेक दुखायला लागलं म्हणून. गोळा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर थांबायचं नाही, रात्री दोन वाजता पण गाडी काढायची.

माझ्या मते नानांना उघडं, जाळीसकट, जागा बधिर करून, आणि त्याआधी खोकल्याचा इलाज आणि बिडी बंद. आतेभावाला दुर्बीण, कारण दोन्हीकडे आहे आणि तरणा आहे, पण फक्त रोज करणाऱ्याकडे, नाहीतर त्याला पण उघडंच. दोघांनी सर्जनला विचारायचं की नसा बघून वाचवता का, जाळी पिना मारून लावता का, आणि तुमच्या पेशंटना ३ महिन्यांनी फोन करता का. सरकारी योजनेत बसतं का ते हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

वजनाचं म्हणाल तर आपल्याकडे सहा महिने बादली उचलू देत नाहीत, त्या सूचना मात्र म्हणतात दुखत नाही तितकं करायला लागा. गोणीचं आतेभावाने सर्जनला विचारून ठरवायचं. नाना तर आत्ताच विचारतायत कापूस वेचणीच्या आधी होईल का, आणि बिडीचा विषय काढला की म्हणतात लाइन कट झाली.